पहिल्या रांगेतला प्रश्न

तिला आम्ही चिमटा म्हणायचो. समोर मॅडम, पाठ वळली की चिमटा. नावामागे कारणं दोन. पहिलं तिचं बोलणं. विभागप्रमुख पहिल्यांदा केस काळे करून आले, त्या दिवशी आम्ही सगळे "सर, तरुण दिसताय" म्हणून मोकळे झालो. हिनं चष्मा वर सरकवला, नीट पाहिलं आणि म्हणाली, "उजव्या कानाला रंग लागलाय. आठवडाभर तरी निघायचा नाही." सर आठवडाभर उजव्या कानाशी फोन धरून हिंडले. माझ्या धाकटीनं पहिल्यांदा केक केला, तर खाऊन झाल्यावर हिचं प्रमाणपत्र, "सोडा जास्त झालाय, पण अपाय काही होणार नाही." तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात. तिला खोटं बोलणं जमतच नव्हतं. मनात एक नि ओठांवर दुसरं आणायला गेली की डावी भुवई आपोआप वर चढायची, आणि मग शेंबड्या पोरालाही कळायचं.

दुसरं कारण तिच्या कामातलं. ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होती आणि मी तिथेच काचसामानाच्या कोठीवर. रोज दुपारी ती माझ्या खिडकीशी चहा प्यायला यायची, कारण तिच्या टेबलापाशी खाण्यापिण्याला बंदी होती, आणि ती बंदी तिनंच घातलेली. इतकी वर्षं तिचं ऐकून ऐकून मलाही थोडं समजायला लागलं. वाण नाही पण गुण लागतोच.

तिचं आयुष्य गेलं प्लॅटिनमवर. प्लॅटिनम म्हटलं की बायका अंगठीची चौकशी करायच्या. हिच्याकडचं प्लॅटिनम म्हणजे चिमूटभर पिवळी पूड, तीही बाटलीत बंद. त्या पुडीतला धातूचा एकेक अणू दोन्ही बाजूंना दुसऱ्या अणूंचे हात धरून बसलेला असतो. पेशीत शिरला की त्यातले दोन हात सुटतात आणि तो समोर दिसेल ते पकडतो. समोर असतो डीएनए. ते कसं, हे ती एका चेनवर दाखवायची. चेन म्हणजे आपल्या पर्सला, जॅकेटला असते ती. डीएनए म्हणजे पीळ घातलेली लांबलचक चेन समजा. पेशीला आपली नक्कल काढायची असली की चेन उघडावी लागते. प्लॅटिनमचा अणू चेनीचे शेजारशेजारचे दोन दात चिमटीत धरतो. चेन तिथे वाकते, अडकते, पुढे सरकत नाही. बेफाम वाढणारी पेशी, जिला सारखीच चेन उघडायची घाई, ती तिथेच मरते. कॅन्सरच्या गाठींवरचं औषध ते हेच.

चिमटा बसला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिनं दुसरा धातू हाताशी ठेवला होता, रुथेनियम. त्याला ती 'हेर' म्हणायची. या हेराचं द्रावण नुसत्या पाण्यात असलं की निळ्या दिव्याखाली काळोखच, कारण पाणी त्याचा उजेड विझवतं. पण त्यात डीएनए घातला की हा हेर दातांच्या मधल्या फटीत शिरून बसतो, पाण्याला तिथे पोचता येत नाही, आणि अख्खी नळी नारिंगी पेटते. प्लॅटिनमनं चेन वाकवलेली असली की हेराला बसायला जागा कमी, उजेडही कमी. उजेड किती घटला ते बघून ही सांगायची की चिमटा कितपत बसलाय. नवनवीन चिमटे बनवायचे आणि हेर पाठवून त्यांची खबर काढायची, हा तिचा संसार. दुसरा तिनं केला नाही.

तिला होती एक बहीण. ताई.

आई गेली तेव्हा चिमटा शाळेत होती आणि ताई जेमतेम कॉलेजात गेलेली. ताईनं कॉलेज सोडलं, शिवणयंत्र घेतलं आणि गावभरचे कपडे शिवून धाकटीला शिकवलं. डोळे मिटूनही सुईत दोरा ओवेल अशी तिची बोटं. पुढे ताईचं लग्न झालं, मुलगी झाली, यंत्र मात्र थांबलं नाही. दर रविवारी सकाळी दोघींचा फोन. चिमटा आठवड्यात काय केलं ते सांगायची आणि ताई पहिलं वाक्य संपायच्या आत विचारायची, "ते राहू दे, शेवटी काय झालं?" लहानपणापासूनची सवय. गोष्ट ऐकायची तर आधी शेवट सांगायचा, नाहीतर ताई ऐकायची नाही. चेनीची उपमासुद्धा ताईच्या शिवणाच्या खोलीतलीच. चिमटा मला एकदा म्हणाली होती, "माझं सगळं विज्ञान ताईला कळेपर्यंत मला कळत नाही." तिच्या तोंडून इतकं गोड वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

वर्षातून एकदा विद्यापीठ सर्वसामान्यांसाठी व्याख्यानं ठेवायचं. चिमट्याच्या व्याख्यानाला गर्दी व्हायची, कारण दिवे घालवून नळी पेटवायचा खेळ असायचा. दिवे आणि निळा दिवा सांभाळायला मी. त्या वर्षी व्याख्यानाच्या आधी बघते तर पहिल्या रांगेत ताई बसलेली. बसनं चार तास येऊन. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. पर्समधून तिनं एक चेन काढली, हातभर लांब, मोठ्या पितळी दातांची, कापडाच्या पट्ट्यांवर सुबक शिवलेली. म्हणाली, "तुझी ती छोटी चेन मागच्यांना दिसत नसेल. ही घे." चिमट्याचा आनंद तिच्या अंगात मावेना. सगळ्यांना ती चेन दाखवत फिरली.

व्याख्यान झकास झालं. नळी पेटली, लोकांनी 'अरे वा' केलं. दिवे अजून लावायचे होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून अंधारातच आवाज आला, "आणि ते औषध पुरलं नाही तर? मग पुढे?"

चिमट्यानं आवाज ओळखला आणि हसली. "ही माझी ताई. हिला आधी शेवट हवा असतो." लोकही हसले. मग हिनं उत्तर दिलं, खरं आणि पुरतं, जसं ती नेहमी द्यायची. काही पेशी शहाण्या होतात, म्हणाली. त्या चिमटा उचकटून टाकतात, दात दुरुस्त करतात, औषध दाराबाहेर फेकायलाही शिकतात. पोटातल्या काही गाठी उशिरा सापडल्या तर पहिल्यांदा औषध छान लागू पडतं, सगळे खूश होतात, आणि वर्षा-दोन वर्षांत गाठ परत येते. "मग प्लॅटिनम कितीही ओता, पालथ्या घड्यावर पाणी."

लोक पुन्हा हसले. मी दिवे लावले. ताई टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर रविवारचे फोन आखडले. कधी भावोजी उचलायचे, "ताई जरा बाहेर गेलीये." कधी भाची, "मावशी, आईचा फोन खराब आहे, तिला नीट ऐकू येत नाही." ताई बोलली तरी दोन मिनिटं. चिमटा चहा पिताना म्हणायची, "ताई बदलली. शेवट विचारत नाही हल्ली." मी म्हटलं, वय झालं की होतं तसं. ताईची साठी जवळ आली होती. चिमट्यानं ठरवलं, न सांगता जायचं. मला म्हणाली, तूही चल. मी काय, बसमध्ये खिडकी मिळाली की कुठेही जाते.

दार भाचीनं उघडलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आतून भावोजी आले, "अरे वा, अरे वा" असं चार वेळा म्हणाले आणि पाचव्यांदा काय म्हणावं ते त्यांना सुचेना. ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. वाळली होती. केस विरळ. "साखर सोडलीये," तिनं आम्ही न विचारताच सांगितलं. शिवणयंत्रावर झाकण होतं आणि झाकणावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. बऱ्याच दिवसांत ते कोणी उघडलेलं दिसत नव्हतं.

मी आपली मूर्खासारखी घर बघत होते. चिमटा ताईकडे बघत होती.

शेगडीवर किटली होती, शिट्टीची. पाणी उकळलं आणि ती कानठळ्या बसतील अशी वाजायला लागली. ताई तिच्यापासून हातभर अंतरावर. ती तशीच माझ्याशी बोलत राहिली, प्रवास कसा झाला, बसला गर्दी होती का. भाची धावत येऊन किटली उतरवून गेली. भावोजी बाहेरून खालच्या आवाजात काहीतरी बोलले, तर ते मात्र ताईला बरोबर ऐकू आलं. मग चहा आला. आम्हाला स्टीलचे चमचे, ताईच्या कपात प्लॅस्टिकचा. ताईच्या स्वेटरचं वरचं बटण सुटलं. ज्या बाईनं आयुष्यभर काजं-बटणं केली, तिला ते बटण लावता येईना. बोटं त्यावरून नुसती घसरत राहिली.

चिमट्यानं कप खाली ठेवला.

"ताई, कितवं सलाईन?"

मला अजून कळलं नव्हतं. तिला कळलं होतं. बारीक, उंच आवाज आधी जातात, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, तोंडात धातूची चव राहते आणि स्टीलचा चमचा नकोसा होतो. प्लॅटिनम माणसाच्या अंगावर कुठे कुठे सही करून जातं, हे तिला पाठ होतं. नुसतं पाठ कशाला, तिनं त्यावर पानंच्या पानं लिहिली होती.

तेवढ्यात शेजारच्या काकू फुलं घेऊन आत आल्या. वातावरण काय आहे ते त्यांना कळण्यासारखं नव्हतं. "काय म्हणताय, बरं वाटतंय ना आता? मागच्या आठवड्यात चौथं झालं ना? माझी नणंद म्हणते, सहा झाली की सुटलात."

भाची भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. काकूंनी फुलं टेबलावर ठेवली आणि आल्या पावली परत गेल्या.

चिमटा उभी राहिली. तिचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "काकूंना माहीत. त्यांच्या नणंदेला माहीत. दूधवाल्याला माहीत असेल. आणि मला नाही? मी आयुष्यभर दुसरं काय केलं गं? ह्याच एका गोष्टीवर माझे केस पांढरे झाले, आणि तुझ्या अंगात ती गोष्ट चाललीये हे मला किटलीकडून कळावं?"

भावोजी म्हणाले, "आम्ही सांगणारच होतो, पण हिनं शपथ घातली..."

"तुम्ही थांबा भावोजी. तुमच्याशी नंतर बोलते." भावोजी थांबले. सुटल्यासारखे दिसले, खरं सांगायचं तर.

ताई शांत होती. म्हणाली, "काकूंचा चेहरा मला वाचता येत नाही. डॉक्टरांचाही नाही. ते 'बघू' म्हणतात, मी 'बरं' म्हणते, दिवस जातो. तुझा चेहरा मला येतो वाचता. तू रोज समोर असतीस तर मला रोज उत्तर दिसलं असतं."

"म्हणून परकं केलंस मला?"

ताई पुन्हा स्वेटरचं बटण चाचपायला लागली.

आणि मग चिमट्याला ते आठवलं. मला दिसलं तिच्या चेहऱ्यावर. ती हळूच खाली बसली. "तू व्याख्यानाला आली होतीस. तेव्हा तुला..."

"आठवडा झाला होता कळून."

"तू मला विचारलंस. मग पुढे, म्हणून."

"हो."

"मला काही न सांगता विचारलंस."

"सांगितलं असतं तर तू खरं सांगितलं नसतंस, आणि भुवई वर गेली असती. मला खरं हवं होतं, एकदाच." ताईनं बटण तसंच सोडून दिलं. "पालथ्या घड्यावर पाणी म्हणालीस. लोक हसले. मीपण हसले गं."

मी बाहेरची. मला तिथे काही बोलायचा अधिकार नव्हता, म्हणून गप्प बसले. पण आज बोलते. आजारी माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तरी बोलते. ताईनं हिला वाढवलं, शिकवलं, सगळं मान्य. म्हणून काय केसानं गळा कापायचा? ज्या धाकटीला खोटं बोलता येत नाही हे स्वतःला पक्कं ठाऊक, तिच्याच तोंडून, भरल्या सभेत, लोकांना हसवत हसवत आपला शेवट वदवून घ्यायचा, आणि वर टाळ्या वाजवायच्या? दगा यालाच म्हणतात. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. ताईला मी अजून माफ केलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये चिमटा खिडकीशी बसली. मीच बसवलं तिला. ताईचं गाव मागे पडल्यावर म्हणाली, "हेर समजत होते मी स्वतःला. एवढ्याशा फटीत काय बिघडलंय ते ओळखते म्हणून मिरवत होते. माझ्याच माणसानं हेर पाठवला, खबर काढून नेली, मला पत्ता नाही." मग म्हणाली, "आणि मी ती चेन सगळ्यांना दाखवत फिरले."

सहा सलाईनं झाली. गाठ विरघळली. काकूंच्या नणंदेचं खरं झालं म्हणून भावोजींनी सगळ्यांना फोन केले, चिमट्यालाही. हिनं "बरं" म्हटलं. वर्ष सरायच्या आत गाठ परत आली, आणि औषधाला दाद देईना. सगळं हिनं सांगितलं होतं तसंच. इतकं बरोबर उत्तर देणाऱ्याला शाबासकी तरी मिळते.

चिमट्यानं लांब रजा टाकली आणि ताईच्या घरी जाऊन राहिली. मला वाटलं, गेली, म्हणजे मिटलं. कसलं मिटतंय. तिनं ताईला भरवलं, आंघोळ घातली, पाय चेपले, उशीचे अभ्रे बदलले, आणि हे सगळं अबोला धरून. अशी सेवा आणि असा अबोला एकाच घरात एकाच वेळी. भाची मला फोनवर म्हणाली, "मावशी आईची नखं कापते, पण तिच्याकडे बघत नाही." खरंतर ती चेहरा लपवत होती. भाचीला ते कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

शेवटचं जे झालं ते चिमट्यानं मला परत आल्यावर सांगितलं, माझ्याच खिडकीशी, चहा हातात गार होत असताना.

दुपारची वेळ होती. हिनं ताईच्या कानाशी, ऐकू यावं म्हणून जाड आवाज काढून विचारलं, पाणी हवं का. ताई म्हणाली, "नको. इकडे बघ." हिनं बघितलं. ताई म्हणाली, "आता सांग. मग पुढे?"

"मी म्हटलं, पुढे दुसरं औषध आहे. नवीन आलंय. प्लॅटिनमपेक्षा चांगलं आहे." चिमटा माझ्याकडे न बघता बोलत होती. "आयुष्यात पहिल्यांदा. पाठ करून ठेवलं होतं, आरशासमोर. भुवई हातानं दाबून म्हणून बघितलं होतं."

"मग?"

"ताईनं हात उचलला, माझ्या भुवईवर बोट ठेवलं. त्या बोटाला काही कळत नव्हतं, तरी बरोबर तिथेच ठेवलं. म्हणाली, खोटं बोलायला लागलीस गं. फार वाईट बोलतेस." चिमट्यानं गार चहा एका घोटात पिऊन टाकला. "एकुलतं एक खोटं, तेही पकडलं गेलं. संध्याकाळी ताई गेली."

मी म्हटलं, "आता तरी सोड तो राग."

"का सोडू? माझा आहे तो. तिनं मागे दुसरं ठेवलंय काय? सुरुवातीचे महिने ती घाबरली असेल तेव्हा मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. ते महिने तिनं माझ्याकडून काढून घेतले. माझे होते ते." मग कप विसळून ठेवत म्हणाली, "आणि मी तरी काय दिवे लावले. चार तास बसनं येऊन माणूस असा प्रश्न विचारतं, आणि मला एकदाही वाटलं नाही की हिला विचारावं."

पुढच्या वर्षी व्याख्यान ती करणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनं केलं. ताईचीच चेन घेऊन उभी राहिली, पितळी दात चिमटीत धरून दाखवले. मी दिवे घालवले, नळी पेटली, लोकांनी 'अरे वा' केलं. सगळं तसंच.

आणि मागून कुठूनतरी एका माणसाचा आवाज आला. साधाच आवाज, चौकशीचा. "मॅडम, आणि हे औषध लागू पडलं नाही तर? पुढे काय?"

चिमटा थांबली. अंधारात मला फक्त नळी दिसत होती आणि तिचा हात.

"दिवे लाव," ती मला म्हणाली.

मी लावले. ती मंचावरून खाली उतरली, चेन हातातच, रांगांमधून मागे मागे चालत गेली. शेवटच्या रांगेत तो माणूस बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. सगळं सभागृह माना वळवून बघत होतं. चिमटा त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि हळू आवाजात, पण मला ऐकू आलं, विचारलं, "कोणासाठी विचारताय?"

तो गडबडला. म्हणाला, "नाही, असंच."

"असंच कोणी विचारत नाही हो," चिमटा म्हणाली, आणि उठली नाही.